घटनेबाहेर

सुदामराव नांदेडच्या कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवायचे. राष्ट्राध्यक्ष जेफरसनवर त्यांचा जुना राग होता. एरवी घटनेचा शब्द न् शब्द पाळा म्हणणारा हा माणूस, पण फ्रान्स लुईझियानाचा मुलूख विकतंय म्हटल्यावर, घटनेत तसा अधिकार दिसत नसतानाही घेऊन मोकळा झाला.

"अहो, दारात चालून आलेलं सोडायचं होतं का त्यानं?" प्रभावतीबाई दरवेळी म्हणायच्या.

"तत्त्व म्हणजे तत्त्व, प्रभा. आणि शेवटी माझ्या घशात नळ्या घालायच्या नाहीत, हेही तत्त्वच."

लेकीकडे जर्मनीत एर्लांगेनला आले आणि न्यूमोनियानं त्यांना गाठलं. ओठ निळे पडायला लागले. डॉक्टरीणबाईंनी जर्मनमध्ये विचारलेलं उत्कर्षानं रडत रडत मराठीत सांगितलं, "आई, मशीन लावायचं का विचारतायत. बाबांची इच्छा काय होती? बाबा तर नेहमी..."

प्रभावतीबाईंनी तिचा हात घट्ट दाबला. "लावा म्हणायचे, असं सांग त्यांना."

मग त्या रोज काचेबाहेर बसून राहिल्या. हे वाचले, तरी आपल्याशी बोलतील का?



नळी निघाली त्या दिवशी सुदामरावांनी खुणेनं त्यांना जवळ बोलावलं आणि फाटक्या आवाजात विचारलं, "घेतलंस ना लुईझियाना?"