खंडेनवमीची माळ

खंडेनवमीची पूजा उरकली, नारळ फुटला, पण रांजणगावच्या एका कारखान्यातले चारही सर्व्हर काही केल्या सुरू होईनात. डिस्कच सापडत नाही म्हणत होते. सर्व्हरमधल्या डिस्क तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या महेंद्रनंच परवा काढल्या होत्या. आता चौघांनीही कोपऱ्यातल्या, सगळ्यांच्या डिस्क एकत्र असलेल्या एकाच स्टोरेजवरून, केबलीतून सुरू व्हायचं होतं. बाहेर दुसऱ्या पाळीची माणसं खोळंबली होती.

"तुम्हा लोकांना पूजेचं वावडं," मॅनेजर मारुतराव सगळ्यांदेखत म्हणाले. "मग हे असं हुतं."

पूजेच्या वेळी बाहेर जाऊन उभा राहिलेला बौद्ध माणूस तिथं एकटा महेंद्रच होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं वळल्या.

महेंद्र कोपऱ्यातल्या रॅकमागं वाकला. त्यानं एक प्लग उपसला, तशी मारुतरावांनी हौसेनं लावलेली दिव्यांची माळ विझली. त्या जागी त्यानं माळेसाठी उपसून ठेवलेला स्टोरेजचा प्लग परत खोचला. पंखे घरघरले आणि एकेक सर्व्हर उठला.

मारुतरावांच्या जिवात जीव आला. "पुढल्या वर्षी तरी पूजेला थांब, बाबा."

"थांबतो की, साहेब," माळ त्यांच्या हातात देत महेंद्र म्हणाला. "या प्लगापाशीच थांबतो."