उकिरड्यावरचा चोर

"कोण मेला माझ्या उकिरड्याला हात लावतोय?" कोंडाजी विहिरीवर उभा राहून ओरडत होता. त्याचा ढीग एका बाजूने कोरलेला होता. चार पाट्या तरी शेणखत गेलं होतं.

आठवड्यातली ही तिसरी चोरी. विंचूरकडच्या या गावात कांदा खतावरच पोसायचा, त्यामुळे उकिरडा म्हणजे घरची लक्ष्मी. गुरं विहिरीच्या हाळावर पाणी प्यायची, शेण तिथंच पडायचं, म्हणून सगळ्यांचे ढीगही तिथंच. पावसात ती सगळी घाण सरळ विहिरीत उतरायची.

गेल्या आषाढात पटकी आली. एकाच दिवशी कुसाबाईची थोरली लेक गेली आणि नजीरची पोरगी माजिदा. मग नाशिकहून बोर्डाचा माणूस आला. ढीग विहिरीपासून लांब न्या, खड्ड्यात घाला, वर माती लोटा, असं बजावून गेला. ऐकलं एकट्या कुसाबाईने. घरामागे भला मोठा खड्डा खणला आणि वर्षभर दारोदार हात जोडत फिरली. धाकटी लेक तेवढी उरली होती तिला, आणि पाऊस महिन्यावर आला होता.

"खुळी हाय ती," कोंडाजी म्हणायचा. "आमच्या आज्याच्या जागेवरचा उकिरडा हलवू व्हय?" बाया तिच्या खड्ड्याकडे बघून फिदीफिदी हसायच्या. अक्कल म्हणून नव्हती मेल्यांना!

आज मात्र कुसाबाई कोंडाजीच्याच बाजूने उभी राहिली, पदर खोचून.

"भर दुपारी सारं गाव झोपतं, तवा त्या नजीरची गाडी कुठं जाते, इचारा की त्याला!"

नजीर बैलांना पाणी पाजत होता. "तोंड सांभाळ, बाई."

"चोराची कसली भीड?" ती पचकन थुंकली.

कोंडाजीने नजीरच्या वावराची, गोठ्याची दोनदा झडती घेतली. काही सापडलं नाही. म्हणजे चोर लय बिलंदर, असं त्याने ठरवून टाकलं. गावाने नजीरशी बोलणं सोडलं. त्याची बायको अमिना पाण्याला आली की बाया कळश्या बाजूला ओढायच्या. कुसाबाई तर रोज सकाळी त्याच्या दारावरून शिव्या देत जायची. फार वाईट दिवस काढले त्या घराने.

तरी चोऱ्या थांबेनात. शेवटी कोंडाजी वैतागला. "माल डोळ्यांपुढं पायजे," म्हणत त्याने उकिरडा गाडीत भरून घरामागे नेला. चोराला दिसू नये म्हणून खड्ड्यात घातला, वर माती लोटली. त्याचं बघून सावळीरामने तेच केलं, मग बायडाबाईने. पंधरा दिवसांत विहिरीचा काठ मोकळा झाला.

मृगाच्या आदल्या दुपारी विहिरीवर चिटपाखरूही नव्हतं. कुसाबाई कळशी भरत होती. नजीर बैल घेऊन हाळावर आला. तिने चहूकडे पाहिलं.

"खड्डा गच्च भरला, भाऊ. तुझ्या पाट्या घेऊन जा आता," ती हळूच म्हणाली. "आन् उद्यापासून शिव्या बंद करू का? माझ्यानं नाय रे बोलवत."

नजीरने विहिरीत वाकून पाहिलं. पाणी तळापर्यंत दिसत होतं.

"पाऊस सरू दे," तो म्हणाला. "तोवर देत राहा."