किरकिर

शनिवारी सकाळी सव्वादहाला महिपतने दुकानाचं शटर वर ढकललं, तेव्हा काशीराम तांबे गुरुजी पायरीवर उभेच होते.

"गुरुजी, उद्या या म्हटलं होतं ना?"

"ते काल म्हणालास. तो उद्या म्हणजे आज."

महिपत ओशाळून हसला. पोलादपूरच्या शाळेत तो गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला. आता महाडच्या बाजारपेठेत रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा. खरं तर दुरुस्तीत त्याचा जीव नव्हता. लोक आवडीची गाणी सांगत आणि तो ती कॅसेटवर भरून देई. त्यातच तो रमायचा. दुरुस्तीला आलेलं सामान मात्र फळीवर धूळ खात पडायचं.

गुरुजींचं सामान सोमवारपासून पडलं होतं. त्यांच्या मुलाचा, सुगतचा, कॉम्प्युटर. दिसायला कागदाविना टाइपरायटर. तो टीव्हीला जोडायचा. बंद केला की सगळं विसरायचा. म्हणून केलेलं काम साध्या कॅसेटवर उतरवून ठेवावं लागे आणि पुढच्या वेळी टेप लावून त्याला पुन्हा आठवण करून द्यावी लागे.

सुगत मुंबईत पाच जणांच्या खोलीत राहायचा. म्हणून यंत्र पोलादपूरला, घरी. रविवारी येऊन तो त्याच्यापुढे बसे. वर्षभर खपून त्याने त्या यंत्राला मराठी अक्षरं शिकवली होती. अक्षरं गुरुजींच्याच वळणाची. त्यांनी चौकटीच्या कागदावर मुळाक्षरं काढून दिली आणि सुगतने ठिपका ठिपका मांडून ती आत घातली. टीव्हीवर पहिला शब्द उमटला 'जानकी'. कधीच शाळा न पाहिलेल्या त्याच्या आईने, जानकीबाईंनी, काचेवरून बोट फिरवून आपलं नाव पाहिलं होतं.

येत्या सोमवारी मुंबईतल्या एका कंपनीने ती अक्षरं बघायला सुगतला बोलावलं होतं. आणि ऐन वेळी यंत्र बंद पडलं.

"वीज देणारा डबा गेलाय, नाना," मुंबईला निघताना सुगत गुरुजींना म्हणाला होता. "तेवढाच महिपतला द्या. आणि ही कॅसेट जपा. दुसरी टेपने चावली, आता ही एकच." मग कॅसेटच्या पाठीवरचे दोन बारके कोपरे त्याने नखाने मोडून टाकले. "हे मोडून खाच पडली की हिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. भरायचं बटणच दाबलं जात नाही."

पण महिपत नुसता डबा घ्यायला तयार नव्हता. चालवून बघायला नको का, म्हणाला. म्हणून गुरुजींनी यंत्र, टेप, कॅसेट, सगळंच आणून दिलं. कोपरे मोडलेले होते, मग भीती कसली?

"डबा झाला," महिपत म्हणाला. "तार तुटलेली. पण गुरुजी, खरी भानगड येगळीच हाय. ही कॅसेट लावून बघितली मी. नुसती किरकिर! रातकिड्यांची जत्रा. कान किटले."

गुरुजी चपापले. घरी टेपला वायर जोडलेली असायची, त्यामुळे टेप मुका असे. त्यातून कसला आवाज येतो, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"म्हणजे कॅसेट बिघडली?"

"नाय तर काय! असली कॅसेट गिऱ्हाइकाला दिली तर माझ्या डोक्यात घालतील."

गुरुजींनी कॅसेट उलटून पाहिली. कोपरे मोडलेलेच होते. त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला.

"किरकिर निघेल?"

"माझा धंदाच तो हाय."

"मग तेवढी काढ बाबा. सुगत संध्याकाळी येतोय."

"मागं काय ऱ्हाणार नाय, बघा." महिपतने कॅसेट हातात घेतली. "गुरुजी, जयंतीला तुम्ही भीमगीतं म्हणायचात. अजून आवडतात?"

"आवडतात," गुरुजी म्हणाले. त्यांचं लक्ष डब्याकडे होतं.

तिसऱ्या प्रहरी सामान वर्तमानपत्रात बांधून तयार होतं. हे नवल गुरुजींनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी खिशात हात घातला, तर महिपतने तो धरला.

"तुमच्याकडून काय घेऊ? चार अक्षरं तुम्हीच शिकवलीत. कॅसेट टेपमध्येच हाय. आता तक्रार आली तर कान धरा माझे."

घरी सुगत येऊन बसला होता. त्याने भराभर वायरी जोडल्या. डब्यावरचा तांबडा दिवा लागला.

"लागला रे!" जानकीबाई पदराला हात पुसत चुलीपासून उठल्या. "माझं नाव दाखव आधी."

सुगतने टेप सुरू केला. कॅसेट फिरू लागली. टीव्हीवर काहीच उमटलं नाही. त्याने ती मागे गुंडाळून पुन्हा लावली. पडदा तसाच कोरा.

"महिपत काय म्हणाला, नाना?"

"कॅसेटवर किरकिर होती म्हणे. मी काढायला सांगितली."

सुगतचा हात बटणावर थांबला.

"नाना, ती किरकिर म्हणजेच अक्षरं."

गुरुजी घाईने म्हणाले, "पण कोपरे मोडलेत. तूच म्हणालास ना, वर काही भरता येत नाही."

"हो," सुगत म्हणाला. "नाही येत."

त्याने टेपची वायर उपसली. ढोलकीचा ठेका खणखणीत घुमला, पाठोपाठ पेटी, मग कोरस. कुठे खरखर नाही.

"गोड हाय गो बाय गाणं," जानकीबाई म्हणाल्या. "कोणी दिलं?"

सुगतने कॅसेट बाहेर काढून उलटी धरली. मोडलेल्या दोन्ही कोपऱ्यांच्या खाचांवर महिपतने चिकटपट्टीचा एकेक तुकडा बेताने कापून, नीट दाबून बसवला होता.