प्रभावतीचा दुसरा विषय

"कोबोल, ही संगणकाची भाषा, वर्गात सगळ्यांनाच आहे," जयसिंग साहेब म्हणाले. "प्रश्न दुसऱ्या विषयाचा. हिशेबतपासणी की सिस्टीम अ‍ॅनालिसिस?"

पिरंगुटच्या बँकेत, मॅनेजरच्या रिकाम्या केबिनमध्ये ते बसले होते. साहेब मुख्य कचेरीतले, शिवाय पुण्यात संगणकाचा वर्ग घ्यायचे. समोर प्रभावती, नुकतीच बी. कॉम. झालेली. तिला बँकेतच लागायचं होतं, आणि साहेबांच्या वर्गाचा फॉर्म आजच द्यायचा होता. शेजारी तिचे वडील सोपानराव उभे. इथलेच क्लार्क. सोळा वर्षं खतावण्या लिहिल्या, पण साहेबासमोर खुर्चीवर बसायची छाती नाही. माणूस इतका गरीब असू नये, खरंच राग येतो.

"साहेब सांगत्याल ते घे," असं बजावून ते चहा सांगायला बाहेर गेले.

"हिशेबतपासणी घेते," प्रभावती म्हणाली. "बँकेत उपयोगी पडेल."

"नाही पडणार. यापुढं क्लार्क भरायचेच नाहीत. पुढच्या वर्षी या शाखेत मशीन येतंय, त्यावर एकच माणूस. सिस्टीम घेतलीस तर ती जागा तुझी."

"आणि आत्ता आहेत ते पाचजण?"

साहेबांनी चष्मा पुसला. "तोच तर तुझा पहिला अभ्यास. कोण काय करतो, किती मिनिटं करतो, नावानिशी लिहायचं. कुणावाचून अडत नाही ते मग आपोआप दिसतं. कशासाठी ते मात्र बाहेर बोलायचं नाही."

प्रभावतीचे धाकटे दोघं भाऊ अजून शाळेत होते आणि घर वडिलांच्या पगारावर चालत होतं. तिनं पेन खाली ठेवलं.

सोपानराव कपबशा घेऊन आले. फॉर्म तसाच बघून त्यांचा चेहरा पडला.

"अजून भरला न्हाई व्हय? कुटं खूण करायची, साहेब?"

"आबा, थांबा जरा."

"साहेबांचा येळ काय फुकटचा हाय?"

"इथं, सिस्टीमला. तुमच्याच शाखेतल्या कामाचा अभ्यास करील, नावानिशी," साहेबांनी बोट ठेवलं. सोपानरावांनी तिथं खूण केली, शाई फुटेपर्यंत दाबून. मग दार उघडून त्यांनी सगळ्यांना हाक मारली.

"या रं, माझी पोरगी आपल्या कामाचा अभ्यास करणार हाय. आपल्याच शाखेचा."

बाकीचे चारी क्लार्क कौतुकानं आत आले. त्यांच्यामागून शिपाई बहिरू आला, टोपी नीट करत.

"ताई, माझं बी नाव लिवा," तो म्हणाला. "शिपाई म्हणून गाळू नका."