वाढली

मृण्मयीच्या डाव्या दंडाच्या हाडावर लहानपणापासून एक गाठ होती. "साधीच आहे," डॉक्टर म्हणाले होते, "पण आता या वयात वाढली, तर धावत या." त्यामुळे आसनसोलला कामावर असलेल्या तिच्या नवऱ्याला, निरुपमला, सुनेला बौमा म्हणणाऱ्या आईचा रडवेला फोन आला, "निरू, बौमाच्या डाव्या हाताची वाढली रे!", तेव्हा त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. तो तसाच विष्णुपूरला घरी धावला.

दारात मृण्मयी उभी होती. तिच्या डाव्या हातात सौभाग्याची शंखाची बांगडी नव्हती.

"आई, बांगडी फुटली एवढंच ना? मग तसं सांगायचं! माझा जीव गेला असता."

"अभद्र बोलू नकोस!" आई कडाडली. "सवाष्णीची बांगडी फुटत नसते. वाढते."

निरुपमनं तणतणतच बायकोला रिक्षात बसवलं. "रजा वाया गेलीच आहे, तर दाखवून तरी येऊ." आईही मागोमाग चढली.

तपासण्या झाल्या. डॉक्टर बराच वेळ फोटो निरखत राहिले.

"गाठ आतून वाढायला लागलीय. कॅन्सरची नुकती सुरुवात आहे, अजून कुठे पसरलेला नाही. तेवढा भाग काढला की हात वाचेल आणि ह्याही. पण दुखत नाही, वरून काही दिसत नाही. मग वाढली, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"मीच," सुनेच्या हातात नवी बांगडी चढवत आई म्हणाली. "अन् हा माझ्यावरच ओरडत होता."