अस्वलाचा केस

अस्वलाचा केस ताईतात घालून बांधला की पोर झोपेत दचकत नाही, असं कुणीसं सांगितलं आणि रूपाली पोराला कडेवर घेऊन थेट दोडामार्गच्या जंगलात पोचली. अस्वलं नाचवणाऱ्या दरवेश्यांकडून सोडवलेली अस्वलं तिथे ठेवली होती. डॉक्टर झाले, देवाला गाऱ्हाणी झाली; पोराचं किंचाळणं काही थांबेना.

"एकच केस द्या, काका! पायां पडतंय तुमच्या." तिने राखणदार लवूचे पायच धरले.

लवूने तिला उठवून कुंपणापाशी नेलं. आत अस्वल झोपलं होतं. ताईतांसाठी उपटून उपटून त्याच्या मानेवर केसच उरले नव्हते. एकाएकी ते झोपेतच किंचाळलं आणि दोरीने फाटलेलं नाक दोन्ही पंजांत लपवून थरथरत राहिलं.

रूपालीने पोराला छातीशी आवळलं आणि अस्वलाकडे बोट दाखवलं.

"काका, ह्येका कोणाचो केस बांधतास?"