सुतारपक्ष्याचा स्पीड

सुतारपक्षी पुन्हा गॅलरीबाहेरच्या लोखंडी पाइपावर येऊन बसला आणि त्यानं ठोकायला सुरुवात केली. टायपिंग क्लासच्या निवृत्त बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"पाठ ताठ आहे," त्या म्हणाल्या. "शेपटीचा टेकू देऊन बैठकही झकास जमवलीय. स्पीडला तर तोड नाही. फक्त मेला स्पेसबार वापरत नाही."

"आई, विषय बदलू नका," सून म्हणाली. "घर बघायला गिऱ्हाइकं येताहेत. घर तुमच्या नावावर आहे, तेव्हा तुम्ही दिसायला हव्यात. फक्त हसून नमस्कार करायचा."

"नव्या घरात तुझी खास सोय केलीय," मुलगा म्हणाला. "हॉलमध्ये सोफा-कम-बेड."

"म्हणजे रोज सकाळी माझी घडी घालणार."

मुलगा हसला नाही. पाइप मात्र खणखणला.

"ह्या पाखराला अक्कल नाही," सून वैतागली. "लोखंडात कुठला आलाय किडा?"

"किडे तो झाडात शोधतो गं. इथं खायला नाही ठोकत. लोखंडाचा आवाज लांब जातो म्हणून ठोकतो."

"कुणाला ऐकवायला?"

"ह्या जागेवर डोळा असेल त्याला."

तेवढ्यात खाली गाडी थांबली. मुलगा पाहुण्यांना आणायला धावला, सून आत उशा सारख्या करायला गेली. बाई उठल्या. रंगकामाच्या निमित्तानं मुलानं उतरवलेली क्लासची पाटी पलंगाखाली धूळ खात पडली होती. ती त्यांनी पदरानं पुसली.

मंडळी जिना चढू लागली तेव्हा वर ठोकाठोक चालली होती.

"सुतारपक्षी आहे," मुलगा कौतुकानं म्हणाला. "सवय होते हळूहळू."

वळणावर सगळे थबकले. बाई स्टुलावर उभ्या होत्या. पाठ ताठ, ओठांत खिळा, हातात हातोडी. दारावर पाटी एका बाजूनं पक्की झाली होती.

"आई! अगं, लोक आलेत!"

बाईंनी ओठांतला खिळा काढला आणि ठरल्याप्रमाणे हसून, हातोडीसकट, नमस्कार केला.

"या ना. प्रवेश सुरू आहेत."

मग त्यांनी खिळा पाटीच्या दुसऱ्या भोकात धरला, एक ठोका घातला आणि त्या स्पेसबारपुरत्या थांबल्या.

त्या मोकळ्या जागेत गॅलरीबाहेरचा पाइप खणखणला.